बोरसे आप्पांचा लाल ठिपका

दिनांक १२ जानेवारी १९९७, रविवार, सकाळी अकरा. स्थळ: अठवा लाइन्सवरचा शेठचा बंगला, पहिल्या मजल्यावरची बैठकीची खोली. हजर: शेठ, शेठाणी, त्यांचे मुंबईचे जावई, जे रेकॉर्डिंगच्या कामात होते, देविदास बोरसे, ज्यांना उधन्यातली मराठी माणसं आप्पा म्हणत, आणि मी. मी शेठच्या उधन्याच्या लूम कारखान्यात स्टोअरकीपर. खोलीतलं सामान माझ्या यादीप्रमाणे आलं होतं: अँप्लिफायर एक, सीडी प्लेअर एक, कमरेइतके उंच स्पीकर दोन, तांब्याची वायर. यादीवर शेठची सही घ्यायला मी गेलो होतो. बाकी काम आप्पांचं होतं.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. शेठच्या रिंग रोडवरच्या इमारतीत तळमजल्यावर एक गाळा रिकामा होता. तिथे चांगल्या म्युझिक सिस्टिमचं दुकान काढायचं शेठच्या मनात होतं आणि ते आप्पांनी सांभाळायचं असं ठरत आलं होतं. अट एकच: आधी शेठच्या घरची सिस्टिम लावून दाखवायची. आप्पांनी दीड वर्षापूर्वी आमच्या कारखान्यातली मास्तरकी सोडली होती. मास्तर म्हणजे माग दुरुस्त करणारा, चाळीस माग ज्याच्या हातावर चालतात तो माणूस. वीस वर्षं त्यांनी ती केली. गाळा मिळाला तर त्या धडधडाटात परत जायचं काम उरणार नव्हतं.

बोरसे अमळनेरकडचे. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम चार वस्तू: टेस्टर, टॉर्चचा एक सेल, ताण्याच्या सुताची गुंडी आणि बायकोची नेलपॉलिशची बाटली. चारही वस्तूंना काम होतं.

सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर उसळला तर तार बरोबर, आत गेला तर उलटी. "एक स्पीकर ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, तर गाणारा बिचारा मधे उभा कसा राहील?" हे वाक्य मी किमान पंधरा घरांत ऐकलं आहे. सूत अंतर मोजायला. एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत जेवढं सूत, तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून ऐकणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत. फीतपट्टी त्यांना चालत नसे. "आकडा विसरतो माणूस. सूत विसरत नाही."

त्यांच्याकडून मी जे शिकलो ते अजूनही लोकांना सांगतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवायचे नाहीत, कोपरा ढोल वाजवतो. भिंतीपासून हातभर पुढे घ्यायचे. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यायला हवा. दोन्हीकडची वायर सारख्या लांबीची. फ्रिज आणि अँप्लिफायर एका बोर्डावर नको. आणि स्पीकरवर काहीही ठेवायचं नाही, देवसुद्धा नाही.

शेवटच्या नियमापायी भांडणं होत. लिंबायतला एका शाळामास्तरांनी नवा डेक घेतला होता. दोन्ही स्पीकर शोकेसच्या काचेआड, मधे प्लास्टिकची फुलं, एका स्पीकरवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर लग्नातली बाहुली. आप्पा दारातच थांबले, चपला काढल्या नाहीत.

"वहिनी, हे ऐकायला घेतलंय की बघायला?"

"दोन्हीला," वहिनी म्हणाल्या.

"मग मी निघतो. बघायचं काम तुमचं तुम्हाला येतं."

"अहो भाऊजी, बसा तरी. पण माझी बाहुली हलवायची नाही."

"बाहुली नाही हलवत. स्पीकर हलवतो. मग बाहुलीला म्हणावं, कर काय करायचं ते."

तासाभरात शोकेस रिकामं झालं, पलंग सरकला, मास्तरांना विटांच्या दोन ठोकळ्यांवर स्पीकर आणि मधे मांडलेली लोखंडी खुर्ची एवढंच दिसत होतं. आप्पांनी भजनाची कॅसेट लावली. वहिनी खुर्चीत बसल्या आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "अगंबाई, बुवा तिथे बसलेत!" आप्पांनी आमच्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या. शाबासकी घेण्याची त्यांची ती पद्धत होती.

पैसेवाल्याचं घर आणि कोसाडची दहा बाय दहाची खोली यांत त्यांनी कधी फरक केला नाही. कोसाडला एका बॉबिन भरणाऱ्याकडे जुना टू-इन-वन होता. आप्पांनी तो फळीवरून काढून खाटेसमोर मांडला, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, आणि जाताना त्याला सांगितलं, "आता कुणी विचारलं तर टेप आहे म्हणू नको. सिस्टिम आहे म्हण." बारडोलीला साखर कारखान्याच्या एका साहेबांच्या क्वार्टरमध्ये स्पीकर सतत घुमत होते. तीन मेकॅनिक अँप्लिफायर उघडून गेले होते. आप्पांनी झाकणाला हात लावला नाही. पाठीमागे जाऊन अर्थिंगचा खड्डा शोधला, त्यात मीठ, कोळसा आणि दोन बादल्या पाणी ओतलं, आणि घुमणं थांबलं. "अँप्लिफायरला तहान लागली होती," एवढंच बोलले. साहेब महिनाभर ती गोष्ट सगळ्यांना सांगत होते.

आता नेलपॉलिश. सगळं जागेवर आलं की आप्पा खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, उठायचे, बास आणि ट्रेबलची बटणं फिरवायचे, पुन्हा बसायचे. असं पाच-सहा वेळा. मनासारखं झालं की बटणाच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका ठेवायचे. "हा माझा शिक्का. इथून हलवायचं नाही." बासचा ठिपका बरोबर मधे, घड्याळात बारा वाजल्यासारखा. ट्रेबलचा तीनच्या काट्यावर.

ट्रेबल म्हणजे बारीक, टोकदार आवाज: झांज, घुंगरू, बासरीतला श्वास. तो तीनवर ठेवला की घरात सांडशी घासल्यासारखं होई. गाणारा 'स' म्हणाला की फुसकारा निघे. लिंबायतच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी मास्तरांना सांगितलं, दात आंबतात. मास्तरांनी बटण बारावर आणलं. गाणं गोड झालं. आणि आप्पा चहाला येणार असं कळलं की मास्तर बटण पुन्हा ठिपक्यावर नेऊन ठेवायचे.

हे सगळ्याच घरांत चालू होतं. उधना, लिंबायत, कोसाड, जिथे जिथे लाल ठिपका होता तिथे तिथे. आप्पा आले की बटण तीनवर, गेले की बारावर. आम्ही एकमेकांना भेटलो की हसून सांगायचो. फुकटात पलंग सरकवून देणाऱ्या, आपल्या जातीगावच्या, वयानं मोठ्या माणसाला तोंडावर चूक कशी सांगायची? शिवाय बाकीचं सगळं त्यांचं इतकं बरोबर असे की हीसुद्धा काहीतरी वरची विद्या असेल, आपल्यालाच कळत नसेल, असंही वाटायचं. माझ्या घरी तर बायकोनं सोय म्हणून युक्ती केली होती. आप्पा जिन्यावर दिसले की आमची लेक हाक मारायची, "बाबा, बटण!"

मला यामागचं कारण कळायला हवं होतं. मी त्यांना कारखान्यात रोज बघत होतो.

चाळीस माग चालू असताना शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. लूमवरचे लोक हातांनी आणि ओठांनी बोलतात. आप्पा त्यात उस्ताद. एकदा काचेच्या केबिनमध्ये शेठ मुनीमाला म्हणाले की या वर्षी दिवाळीची सुटी दोन दिवस कमी करा. आप्पा पार दुसऱ्या टोकाला मागाखाली पाना घेऊन बसले होते. त्यांनी काचेतून शेठचे ओठ वाचले, दोन बोटं वर करून खाली आपटली, आणि शेठ केबिनबाहेर येईपर्यंत एक एक करत चाळीस माग थांबले होते. शेठनी मुनीमाला दिलेल्या शिव्याही आप्पांनी आम्हाला शब्दशः सांगितल्या. सुटी कमी झाली नाही.

त्यामुळे ते बाहेरही माणसाला समोर बसवून, तोंडाकडे बघूनच बोलत. आम्ही त्याला अदब समजत होतो. "माणसानं माणसाकडे बघून बोलावं," असं तेही म्हणत. पाठीमागून हाक मारली तर वळत नसत. आम्ही म्हणायचो, आप्पा विचारात असतात. फक्त त्यांची बायको, शकूवहिनी, एकदा माझ्या बायकोला पापड लाटता लाटता म्हणाली होती, "त्यासले तोंड दखाडीसन बोलनं पडस, ताई. पाठ फिरनी का संपनं." माझ्या बायकोनं मला सांगितलं. मी म्हटलं, नवरे असतातच तसे. विषय तिथे संपला.

तर १२ जानेवारी.

आप्पांनी दोन दिवस खपून खोली लावली होती. जाड पडदे पाठच्या भिंतीला, पायाखाली गालिचा, काचेचं टेबल बाहेर. शेठाणींचं झुंबरसुद्धा त्यांनी दोऱ्यानं बांधून टाकलं होतं, किणकिणू नये म्हणून. जावई आले, खोलीभर फिरले, स्पीकरच्या मागे वाकून वायर बघितली, सूत कुठून कुठे ताणलं होतं ते विचारलं, आणि हिंदीत म्हणाले, "मास्टरजी, मी मुंबईत एवढी घरं बघतो. असं बसवलेलं फार थोड्यांकडे सापडतं." आप्पांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मग बासरीची सीडी लागली. आप्पांनी बटणं फिरवली, बसले, उठले, फिरवली. खिशातून बाटली काढली. ट्रेबलचा ठिपका तीनवर.

शेठाणींनी पदर कानावर घेतला. "बोरसेभाई, कानमां खूंचे छे." कानात टोचतंय.

"बेन, बे दिवस सांभळो. टेव पडी जशे," आप्पा अदबीनं म्हणाले. दोन दिवस ऐका, सवय होईल.

शेठनी जावयाकडे बघितलं. जावयानं उठून बटण मधे आणलं. खोलीत बासरी शांत झाली. मला हायसं वाटलं.

"हे काय केलंत?" आप्पा म्हणाले. "पडदा टाकल्यासारखं झालं. बासरीवाला गेला ना उठून!"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापुरता बासरीवाला खरंच उठून गेला होता.

जावई भला माणूस होता. त्याला फक्त खात्री करायची होती. त्यानं पिशवीतून दुसरी सीडी काढली, तपासणीची. त्यात गाणं नसतं, नुसते सूर असतात, जाडपासून बारीकपर्यंत. पहिले काही सूर आप्पांनी बोट उचलून दाखवले. मग एक बारीक सूर सुरू झाला, रातकिड्यासारखा. शेठाणींनी नाक मुरडलं. आप्पा मांडीवर हात ठेवून वाट बघत बसले होते.

"लावा ना पुढचा," ते म्हणाले.

सूर चालूच होता.

"लावा की."

शेठ खुर्चीत मागे रेलले. "अरे भाई, ए तो क्यारनुं वागे छे."

म्हणजे केव्हाचा वाजतोय. आप्पांनी ते शेठच्या ओठांवर वाचलं. मग शेठाणींकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे.

"भाऊसाहेब, तुम्हाला येतोय?"

मी मान हलवली. ते स्पीकरजवळ गेले आणि त्याच्या जाळीवर तळहात ठेवला. कारखान्यात माग तपासायला ठेवत तसाच. तो छोटा स्पीकर इतका बारीक थरथरतो की हाताला काही लागत नाही. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बाटलीचं झाकण लावलं, खिशात ठेवली, सूत गुंडाळलं.

जिन्यात जावयानं मला गाठलं. "लूमवर होते का हे?"

"वीस वर्षं."

"मग बरोबर. बारीक आवाज आधी जातात. माणसाला कळत नाही, कारण बोलणं ऐकू येत राहतं. पण इतक्या दिवसांत यांना कुणी सांगितलं कसं नाही? लोकांच्या घरी लावत होते ना?"

मी म्हटलं, यादीवर सही राहिली आहे, आणि वर गेलो. शेठनी सही केली. सही करता करता म्हणाले, "बिचारो." गाळ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. उन्हाळ्यात तिथे साड्यांचं दुकान लागलं.

बंगल्याच्या फाटकाबाहेर आप्पा रिक्षाची वाट बघत उभे होते. मला समोर उभं करून म्हणाले, "खरं सांगा. तुमच्या घरी बटण ठिपक्यावर असतं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "असतं ना, आप्पा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ वाचणाऱ्याला शब्द कळतात, तसं बाकीचंही कळत असणार.

पुढच्या आठवड्यात ते घरोघर गेले. न कळवता, भर दुपारी, पुरुष कामावर असताना. लिंबायतला गेले, कोसाडला गेले, मंगळवारी माझ्याकडे आले. बायको एकटी होती. डेक चालू होता, बटण बारावर. तिनं मला संध्याकाळी जसं सांगितलं तसं लिहितो. आप्पा डेकसमोर उभे राहिले. तिनं बटणाकडे हात नेला, ते म्हणाले, "राहू द्या, वहिनी. कळलं." खिशातून थिनरची बाटली आणि कापसाचा बोळा काढला. लाल ठिपका पुसला. पुसल्यावर नखानं खरवडून बघितला. चहा घेतला. "बाकी सगळं आहे तसंच ठेवा, ते बरोबर आहे," असं सांगून गेले.

तेवढ्या सगळ्या घरांतून ते असंच करून आले. कुणालाही दोषाचा एक शब्द बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. लिंबायतच्या मास्तरांनी मला विचारलं, आता त्यांच्या घरी जाऊन माफी मागू या का? आपण चौघं-पाचजण मिळून जाऊ. मी तारीखही ठरवली होती. त्या रविवारी मास्तरांकडे पाहुणे आले, पुढच्या रविवारी माझा स्टॉक मोजायचा होता. गेलो नाही. आमच्या अदबीनं त्या माणसाची पाच-सहा वर्षं फुकट घालवली. पहिल्याच घरातल्या पहिल्याच बाईनं "भाऊजी, दात आंबतात" एवढं म्हटलं असतं तर त्यांनी कान दाखवले असते, मास्तरकी आधीच सोडली असती, निदान परक्या माणसासमोर, शेठच्या गालिच्यावर ते कळलं नसतं. आम्ही याला मान देणं म्हणत होतो.

होळीनंतर आप्पा कारखान्यात परत आले. शेठनी मोठं मन केलं असं मुनीम सांगत होता. मोठं मन म्हणजे जुनीच मास्तरकी, जुनाच पाना, तेच चाळीस माग. शकूवहिनी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "आते घरमा गानं लावतस नही. डेक तो भाच्चाले दी टाका." ती माझ्याकडे न बघता मेथी निवडत होती.

कामात ते पहिल्यासारखेच होते. मागाला हात लावून बिघाड सांगत, दिवसाला दोनदा माझ्या खिडकीवर येऊन पिकर, पट्टे, नटबोल्ट घेऊन जात. फरक एवढाच की आता माझ्या तोंडाकडे बघत नसत. चिठ्ठी सरकवत, माल घेत, जात. मी काही बोललो तरी त्यांची नजर कागदावर.

गेल्या पावसाळ्यात एकदा चिठ्ठी न देता खिडकीवर उभे राहिले. त्या आठवड्यात मराठवाड्यातून आठ माणसं नवी लागली होती. अजून एकमेकांना ओरडून हाका मारत होती, हातानं बोलायला शिकली नव्हती.

"भाऊसाहेब, एक लिहून घ्या," आप्पा म्हणाले. "कानात घालायचे रबरी बोळे मिळतात. हजीऱ्याला कंपन्यांत देतात, मी बघितलेत. या आठ जणांना पाहिजेत. सगळ्यांनाच पाहिजेत, पण यांना आधी."

"तुम्हाला किती?"

त्यांनी वर बघितलंच नव्हतं, त्यामुळे ते पोचलं नाही. मी खिडकीवर टकटक केली, त्यांनी मान वर केली, मी पुन्हा विचारलं.

"माझं झालं," ते म्हणाले. "यांचं बघा."

आणि वळून आत गेले. दोन रांगांमधली ती चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना धोटे आपटत होते, आणि त्यांचा हात जाता जाता एकेका मागाच्या चौकटीला लागत होता. मी खिडकीतून ओरडलो, "आप्पा!" जोरात ओरडलो. नव्या माणसांपैकी दोघांनी वळून बघितलं. त्याच महिन्याअखेर ते शकूवहिनीला घेऊन गावी निघून गेले. निरोपाला मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.

मागणीपत्रक मी आप्पांनी सांगितलं त्याच दिवशी भरायला घेतलं. वस्तू: कानात घालायचे रबरी बोळे. नग: आठ जोड्या. कारण या रकान्यात काय लिहावं यावर दोन दिवस गेले. 'आवाजानं कान जातात' असं लिहिलं तर शेठ विचारणार, कुणाचे गेले, आणि तुम्हाला कधीपासून माहीत आहे. तो रकाना अजून कोरा आहे. पत्रक टेबलाच्या डाव्या खणात, सगळ्यात वर ठेवलं आहे. त्यावर दोन सह्या लागतात. शेठची दुसरी. पहिली स्टोअरकीपरची. ती करायची राहिली आहे.